मामाजींनी सोंग बदललं

मामाजी गेल्याची बातमी मला मामीजींनीच दिली. पोळा होऊन काही दिवस झाले होते, बांधीबांधीत धान निसवायला लागलं होतं, आणि मी दवाखान्यातल्या माझ्या खोलीत दुपारच्या माणसांची वाट पाहत बसले होते. फोनवर मामीजींचा तोच नेहमीचा चढा आवाज आला, "निशे, तुहे मामाजी उठून नाई राहिले वं." उठून नाही राहिले म्हणजे काय, मी विचारलं. "जेवले, सपरीत बाजेवर आडवे झाले. मी चाय नेली. म्हटलं घ्या जी. नाई उठले. म्हटलं, सोंग पुरे झालं, चाय थंडी होऊन राहिली... तरी नाई उठले." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "या बारीनं खरंच गेले वाटते."

ज्यांनी मामाजींना पाहिलं नाही त्यांना हे बोलणं विचित्र वाटेल. पण आमचे मामाजी, म्हणजे गावाचा तेजराम, आयुष्यात पुष्कळदा मेलेले होते. कधी साप चावून, कधी वाघ खाऊन, कधी बायकोच्या हातची भाजी खाऊन. हे सगळं दंडारीच्या खेळात, शेकडो माणसांसमोर. आणि घरीही, मामीजींनी लाकडं फोडायला सांगितली की ते बाजेवर पडून डोळे पांढरे करत. जीभ बाहेर काढत. मामीजी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या की जिवंत होऊन पळत. त्यामुळे त्या दिवशी शेजारचे लोक धावत आले, तेव्हाही निम्म्यांच्या चेहऱ्यावर, हा आता उठतो, असाच भाव होता. मयतीला जाताना कोणीतरी जुनी आठवण काढली आणि खांदेकरीच हसायला लागले. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. तेजराम गेला आणि कोणी हसलं नाही, असं झालं असतं तरच गावाला चुकल्यासारखं वाटलं असतं.

मामाजी शेतकरी होते, बोदलकशाच्या तलावाजवळच्या एका लहान गावातले. पण त्यांना सगळे ओळखायचे ते दंडारीतले सोंगाडे म्हणून. आमच्या झाडीपट्टीत भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते. जिलेबी, शिंगाडे, बांगड्या, पाळणे, घरोघर पाहुणे, आणि भर दुपारी मोकळ्या जागेवर ढोलकी-टाळांच्या तालावर दंडार. गाण्यांच्या मधेमधे सोंगं येतात, आणि लोक खरे थांबलेले असतात ते सोंगांसाठी. मामाजींचं नावाजलेलं सोंग होतं पागलाचं. फाटका शर्ट, गळ्यात कांद्यांची माळ, एका पायात बूट आणि दुसऱ्या पायातली चप्पल फोनसारखी कानाला लावलेली. "हालो, दिल्ली का? मी तेजराम बोलून राहिलो. इकडं जिलेबी कच्ची आहे, फौज पाठवा!" एवढ्यावर बायका पदर तोंडात कोंबायच्या. तिरोड्याच्या बाजारात ते भाजी घ्यायला आले तरी पोरं मागून ओरडायची, "मामाजी, दिल्लीले फोन लावा ना!" आणि ते भर रस्त्यात चप्पल काढायचे.

अशा माणसाची भाची मी. बी.ए.ला मानसशास्त्राची गोडी लागली आणि पुढे एम.ए.ला समुपदेशन शिकायचं ठरवलं, तेव्हा माझी माय हादरली. "पागलाइचं शिकणाऱ्या पोरीले कोन देखाले येईल?" म्हणून तिनं मामाजींना बोलावून घेतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काऊन वं बाई, मी जनमभर पागलाचंच काम करून राहिलो, माहं लगन नाई झालं का?" बाजूला बसलेल्या मामीजी लगेच म्हणाल्या, "तेच त लोक विचारतेत, काऊन झालं म्हून." माय हसली, आणि माझं गोंदियाला जाणं पक्कं झालं.

रोज सकाळच्या गाडीनं मी तिरोड्याहून गोंदियाला जायची. आमच्या वर्गात गोंदियातल्या हिंदी बोलणाऱ्या मुली होत्या, आमगाव-देवरीकडून येणारी मुलं होती, आणि शिकवायला होत्या शेंडे मॅडम. बारीक, ठेंगण्या, चष्मा नाकावर घसरलेला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, "समोरच्याला 'का' विचारू नका. असं का केलं, का वाटलं, असं विचारलं की माणूस आपली बाजू मांडायला लागतो, आणि जे सांगायचं असतं ते राहून जातं. काय झालं विचारा, कसं वाटलं विचारा." हे ऐकायला सोपं आहे. पण ज्यांची वाक्यंच काऊन आणि कायले, म्हणजे 'का'नंच, सुरू होतात त्यांनी काय करायचं? आमगावचा एक मुलगा उभा राहून अगदी मनापासून म्हणाला, "काऊन नाई विचाराचं मॅडम?" सगळा वर्ग फुटला. मॅडमनी त्या दिवसापासून नियम केला, सरावात जो काऊन म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. पहिले दोन महिने आम्ही भरपूर चहा प्यायलो.

आणखी एक गोष्ट मॅडमनी आमच्याकडून करून घेतली. पुस्तकात नैराश्य, चिंता असे शब्द असायचे. त्या म्हणायच्या, "तुमच्या गावात नैराश्य आलं असं म्हणणारा एक माणूस मला दाखवा." मग आम्ही घरी जाऊन कान उघडे ठेवले. मन नाई लागत. डोस्कं जड राहते. कसंतरीच होते. गोंदियातल्या मुली 'जी घबराता है' घेऊन आल्या. ओळखीचीच माणसं रोज हे बोलत होती. मामीजीसुद्धा बोलायच्या. मला इतकी वर्षं ते नुसतं बोलणं वाटत होतं.

सरावासाठी आम्ही वर्गात जोड्या करायचो. एक समुपदेशक आणि दुसरा मदतीसाठी आलेला माणूस. पण आम्हा मुलांची दुःखं दोन आठवड्यांत संपली. सगळ्यांचं एकच, परीक्षेचं टेन्शन. मॅडम कंटाळल्या आणि म्हणाल्या, बाहेरून कोणाला तरी आणा, ज्याला थोडा अभिनय येतो. सगळ्या वर्गात माझाच हात वर गेला.

मामाजी आले ते मोठी पिशवी घेऊन. वर्गाच्या दारात सगळ्यांच्या देखत आधी वाकून माझ्या पाया पडले. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, घरी त्याचं काही वाटत नाही, पण कॉलेजात माझे कान गरम झाले. मग ते बाहेर जाऊन तयार होऊन आले. कांद्यांची माळ, फाटका शर्ट, सगळं. माझ्यासमोरच्या खुर्चीवर न बसता तिच्याखाली घुसले आणि तिथूनच दिल्लीला फोन लावला. मी समुपदेशक होते. "तुम्हाला कसं वाटतंय?" एवढं मी विचारलं, आणि त्यांनी माझ्या हातात एक कांदा ठेवून म्हटलं, "हा पंतप्रधानाले द्या." पुढचं मला काही आठवत नाही, मी बाकावर डोकं ठेवून हसत होते. मॅडम चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

हसणं ओसरल्यावर मॅडमनी मामाजींना स्वतः पाणी दिलं. म्हणाल्या, "मामाजी, इतकं मी पुष्कळ दिवसांत हसले नव्हते. पण एक सांगू? इतकी वर्षं मी हे काम करते, असा माणूस माझ्याकडे अजून आलेला नाही."

"मंग कसा येते?" मामाजींनी विचारलं.

"बहुतेक वेळा नीट भांग पाडून येतो. कपडे धुतलेले असतात. खुर्चीवर बसतो, आणि म्हणतो, काही नाही, झोप येत नाही."

"आनि?"

"आणि काही नाही. तेवढंच. बाकीचं त्याला सांगता येत नाही, म्हणून तर तो आलेला असतो."

मामाजींनी माळ काढून पिशवीत ठेवली. परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. गंगाझरी गेलं, काचेवानी गेलं, मामाजी पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर पाहत होते. मला वाटलं, त्यांना लागलं. तिरोड्याला उतरताना ते एकदम थांबले. मागची माणसं ढकलत होती, आणि हे दारात उभे राहून मला विचारत होते, "पन भांग पाडलेल्या पागलाले हासन कोन वं?"

त्या प्रश्नानं त्यांना धरलं. पुढच्या रविवारपासून मी त्यांच्या गावी जायला लागले, आणि त्यांच्या सपरीत, म्हणजे पडवीत, आमचा सराव सुरू झाला. ते दर वेळी नवा माणूस होऊन बसायचे. एकदा ते बिरसीच्या विमानतळावर शिकणारा पायलट झाले, ज्याला विमान पाहिलं की चक्कर यायची. एकदा सुनेशी न बोलणारी सासू, एकदा बदली झालेले मास्तर. सुरुवातीला प्रत्येकाला थोडी कांद्याची माळ चिकटलेली असायची, पायलट मधूनच हात पसरून सपरीभर उडायचा. हळूहळू ती गळली. त्यांना मजा वेगळीच लागली. माणूस काय लपवतो हे शोधायची. मीही शिकत होते, पण मला एक गोष्ट काही केल्या जमत नव्हती. समोरचा गप्प झाला की माझ्याच्यानं राहवायचं नाही. मी धीर द्यायची, दुसरा प्रश्न विचारायची, काहीतरी करायची. "तू लवकर बोलतं वं," मामाजी कुरकुरायचे. "मी आता कुठं रडाले आलो, आनि तू पानी आनाले धावली." आणि मामीजी तर चुलीपाशी बसून सगळं ऐकत असायच्या आणि तिथूनच त्या खोट्या माणसांना खरे सल्ले द्यायच्या. "त्या पायलटले म्हनाव, खिडकीतून खाली नोको पाहू!" मामाजी वैतागायचे, "आवो, मॅडमनं सल्ला द्याले मनाई केली आहे!" "मॅडमले मनाई असन," मामीजी म्हणायच्या, "मले नाई."

एका रविवारी मामाजींनी मॅडमनी सांगितलेला माणूसच करायचं ठरवलं. केस ओले करून भांग पाडला, धुतलेला शर्ट घातला, येऊन बसले. दोन्ही हात मांड्यांच्या मधे धरले. मी विचारलं, काय झालं? "काई नाई," ते म्हणाले. "झोप नाई येत." मी पुढचा प्रश्न जुळवत होते, तोवर त्यांचा चेहरा बदलला. हात मांड्यांतून निघाले. "निशे," ते म्हणाले, "हा त गेंदलाल आहे."

गेंदलालमामा म्हणजे त्यांच्या दंडारीतला ढोलकीवाला. लहानपणापासूनचा दोस्त. दोघांनी एकत्र म्हशी राखल्या, एकत्र दंडार शिकले. दोन वर्षांपासून गेंदलालमामांनी ढोलकीला हात लावला नव्हता. घरामागे धानाच्या तणसाच्या, पेंढ्याच्या, ढिगाशी बसून असायचे. बायको जेवायला हाक मारायची तेव्हा उठायचे. गावात कोणी म्हणे आळस भरला, कोणी म्हणे बाहेरचं लागलं, आणि पोरं म्हणत, पागल झाला. आदल्या वर्षीच्या मंडईत मामाजींचं सोंग ऐन रंगात आलेलं असताना गेंदलालमामा उठून निघून गेले होते. मागून कोणीतरी ओरडलं होतं, "दुसरा पागल चालला!" त्या हशात मामाजींनाही ते जिंकल्यासारखंच वाटलं होतं. हे सगळं ते मला त्या दिवशी सांगत होते, एकेक करून, जणू आत्ताच दिसत असल्यासारखं.

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तू अजून विद्यार्थिनी आहेस, आणि ते घरच्यासारखे आहेत. त्यांना बरं करणं तुझं काम नाही. गोंदियाला सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर आहेत, तिथल्या दारापर्यंत पोचवणं हे तुझं काम." मग मी आणि मामाजी त्यांच्याकडे गेलो. तणसाच्या ढिगाशी गेंदलालमामा खरोखरच नीट भांग पाडून बसलेले होते. मामाजींनी इकडचं तिकडचं बोलून दवाखान्याचं नाव काढलं. गेंदलालमामांनी मान वर केली. आवाज न चढवता ते म्हणाले, "मी पागल आहो का?"

"नाई रे, तसं नाई..."

"मंग कायले जाऊ? तूच त दाखवला ना गावाले, पागल कसा राहते. शर्ट फाडते. चप्पल कानाले लावते. मी फाडलो का शर्ट?"

मामाजी आपल्या पायातल्या चपलेकडे पाहत उठले.

घरी आल्यावर ते सपरीत बसले. मी सवयीनं समोर बसले. "आज सोंग नाई," ते म्हणाले, आणि बोलायला लागले. पहिल्यांदा मंडईत लोक हसले तेव्हा त्यांना कसं वाटलं होतं, आणि ते हसणं पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून ते वर्षभर धान कापायची वाट कशी पाहायचे. त्यांच्या बापाला दंडार आवडत नव्हती, पण पागलाच्या सोंगाला तोही हसला होता. "बाबूजी हासले, एवढंच मले दिसत होतं वं," ते म्हणाले. "त्या गर्दीत अजून कोन बसून राहते, ते मीनं पाह्यलंच नाई." मग ते थांबले. मी काही विचारलं नाही. पाणी आणायला उठले नाही. चुलीपाशीही चिडीचूप होतं. किती वेळ तसे बसलो कोण जाणे, गाई परत यायला लागल्या होत्या. मग मामाजींनी नाक पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम त्यांचा जुना आवाज आला, "अरे! आज नाई बोलली तू!" मी पास झाल्यासारखं त्यांनी ते मामीजींना ओरडून सांगितलं. आणि मग म्हणाले, "मी सोंग बदलतो."

दंडारीच्या मंडळातले लोक तयार नव्हते. पागलाच्या सोंगावर त्यांची दंडार चालायची. गप्प बसलेला पागल पाहायला कोण थांबेल? पण मामाजींच्या डोक्यात गोंदियाहून येताना पडलेल्या प्रश्नाचं उत्तर तयार झालं होतं. पागलाला हसायचंच नाही. हसायचं ते त्याला सल्ले देणाऱ्यांना. मग काय, मंडळातल्या प्रत्येकाला भूमिका मिळाली, आणि सगळे उत्साहात आले. तालमीला मामीजी उघडपणे हजर राहायला लागल्या, कारण निम्मे सल्ले त्यांचेच होते. शेवट काय करावा हे मात्र सुचत नव्हतं. मामाजींनी मला मॅडमना फोन लावायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "शेवटी कोणीतरी यावं आणि नुसतं बसावं."

"नुसतं?" मामाजी ओरडले. "एवढ्या लोकाइपुढं?"

मंडईच्या दिवशी मी आणि मॅडम गर्दीत उभ्या होतो. मॅडमच्या हातात जिलेबीचा द्रोण होता आणि काळजीनं त्या ती खायला विसरल्या होत्या. गाणं संपलं. मामाजी आले. भांग पाडलेला, शर्ट धुतलेला. स्टुलावर बसले. लोक आधीच हसायला लागले, त्यांना वाटलं आता चप्पल निघते. "तेजरामभाऊ, दिल्लीले फोन लावा!" कोणीतरी ओरडलं. मामाजी बसून राहिले. हशा विरला. लोक एकमेकांकडे पाहायला लागले, आणि मागे पाळण्याची करकर ऐकू यायला लागली.

तेवढ्यात पहिला सल्लेदार आला. लिंबू उतरवून गेला. दुसरा म्हणाला, याचं लगन लावा. लगन झालेलं आहे, कोणीतरी सांगितलं. "मंग दुसरं लावा!" तिसरा शहरातून आलेला जावई, हिंदीत योगा शिकवता शिकवता स्वतःच अडकून बसला आणि त्याला सोडवायला चौघं लागले. एक आजीबाई झालेला बाप्या आला आणि म्हणाला, "आमच्या टाइमाले असं नव्हतं. आमच्या टाइमाले टाइमच नव्हता!" गर्दी लोटपोट झाली. प्रत्येकाला त्यात आपला काका, आपली सासू दिसत होती. माणसं बोट दाखवून सांगत होती, हा त आमच्या घरचा! आणि त्या सगळ्या गोंधळात मामाजी स्टुलावर तसेच बसलेले, लिंबू मांडीवर. मग सगळे निघून गेले. टाळ वाजवणारा सुखराम आला आणि त्यांच्या बाजूला जमिनीवर बसला. आता कोणी हसत नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "का झालं?" आमच्या बोलीत त्याचा अर्थ, काय झालं?

"काई नाई," मामाजी म्हणाले. "मन नाई लागत."

"चाल. दोघं जाऊ दवाखान्यात."

आणि दोघं उठून गर्दीतून निघून गेले. लोकांनी वाट करून दिली. टाळ्या नंतर पडल्या. मी मागे वळून पाहिलं, तर गेंदलालमामा चिंचेखाली उभे होते. या वर्षी ते गेले नव्हते.

चार-पाच दिवसांनी सकाळीच ते मामाजींच्या सपरीसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चाल." मामाजींना इतका आनंद झाला की लग्नाला चालल्यासारखा नवा शर्ट घालून ते निघाले. दवाखान्यात रांगेत त्यांनी सगळ्यांशी ओळखी काढल्या, नर्सला गाव विचारलं, एका म्हाताऱ्याला गाणं म्हणून दाखवलं. आत गेल्यावर डॉक्टरांनी दोघांकडे पाहून विचारलं, "कोणाला दाखवायचंय?" गेंदलालमामांनी शांतपणे बोट मामाजींकडे केलं. दोन वर्षांतला तो त्यांचा पहिला विनोद होता. हे सांगताना मामाजी हसता हसता रडायचे, दर वेळी.

बरं व्हायला वेळ लागला. गोळ्या होत्या, दर महिन्याला जाणं होतं, तिथल्या समुपदेशक ताईंशी बोलणं होतं. मधे एकदा गेंदलालमामांनी मनानंच गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा तणसाशी जाऊन बसले. मग पुन्हा दवाखान्यात गेले. पुढच्या मंडईत त्यांनी दोन गाण्यांपुरती ढोलकी वाजवली आणि दमून खाली ठेवली. त्याच्या पुढच्या वर्षी पूर्ण दंडार वाजवली. आजही कधीकधी त्यांचे दिवस जड जातात, पण आता ते स्वतः येऊन सांगतात.

माझं शिक्षण संपलं, मला काम मिळालं. मामाजी गावभर सांगायचे, माझी भाची मनाची डॉक्टरीण आहे. मी म्हणायची, डॉक्टर नाही मामाजी, समुपदेशक. "तो शबद लंबा आहे," ते म्हणायचे, "तोवर मानूस निघून जाते." शेंडे मॅडम मात्र त्यांना सोडायला तयार नव्हत्या. दर वर्षी नवा वर्ग आला की मामाजींना बोलावणं जायचं. पिशवी आता नसायची. ते जायचे, खुर्चीवर बसायचे, आणि कोणत्यातरी बावरलेल्या मुलासमोर कधी नापास झालेली पोरगी व्हायचे, कधी बायको गेलेला रिक्षावाला. मग पोरांना समोसे खाऊ घालून परत यायचे. मामाजींच्या तेरवीला मॅडमबरोबर त्या पोरांची एक गाडीच भरून आली होती. त्यांच्यातल्या एकीनं मला सांगितलं, "माझं आयुष्यातलं पहिलं सेशन मामाजींसोबत झालं. ते खोटं होतं हे माहीत होतं तरी मी घरी जाऊन रडले." तिच्या मागे उभा असलेला मुलगा म्हणाला, "मला तर त्यांनी पायलट होऊन चक्कर आणली होती." आणि तेरवीच्या पंगतीत पुन्हा हशा पिकला.

गेल्या रविवारी मी मामीजींकडे गेले. आता मंडईचे दिवस जवळ आले, आणि मंडळानं मामाजींचं सोंग चालू ठेवायचं ठरवलंय. तालीम त्याच सपरीत. गेंदलालमामा ढोलकी कसत होते. सुखराम स्टुलावर बसला होता, आता मुख्य माणूस तो आहे. बिचारा घाबरला होता. खांदे पाडून, उसासे टाकून, रडका चेहरा करून पाहत होता. मामीजी आत तांदूळ निवडत होत्या. त्यांना राहवलं नाही, त्या बाहेर आल्या. "उसासे कायले टाकतं बे? ते नव्हते टाकत. सरक." सुखराम उठला. मामीजींनी हात पदराला पुसले आणि स्टुलावर बसल्या. पाठ सरळ. हात मांडीवर. समोर पाहत. इतकं साधं, इतकं हुबेहूब, की सगळे बघतच राहिले. सुखरामला आपली जुनी भूमिका आठवली. तो त्यांच्या बाजूला खाली बसला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "का झालं?"

"काई नाई," मामीजी म्हणाल्या. "मन नाई लागत."

पुढचं वाक्य सुखरामचं होतं. ते त्यानं म्हटलं नाही. गेंदलालमामांनी ढोलकी मांडीवरून उतरवून बाजूला ठेवली, सरकत सरकत आले आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसले. मग मी जाऊन पायाशी बसले. कोणी लिंबू काढलं नाही, कोणी धीर दिला नाही. दारासमोरून एक सायकल गेली, अंगणातल्या कोंबड्या इकडून तिकडे गेल्या... मामीजी समोर पाहत होत्या आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि आम्ही बसून होतो.

बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि सुखरामकडे पाहिलं.

"हां," त्या म्हणाल्या, "असं. आता चाय मांडा कोनीतरी."